बंदी अठरापर्यंत, भाकरी चौदापर्यंत

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या न्यायालयात एका ऊसतोड मजुराचे वकीलपत्र विधी सेवा समितीमार्फत आमच्याकडे आले. सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिल्याचा त्याच्यावर आरोप होता. ग्रामसेवकाने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने फिर्याद दिली होती, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख निःसंदिग्ध होती, आणि बचाव करावा असे फारसे काही उरले नव्हते. मुलगी साक्षीला उभी राहिली. तुझे लग्न तुझ्या मर्जीविरुद्ध झाले काय, असे सरकारी वकिलांनी तिला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "साहेब, आईबाप तोडीला गेल्यावर मी कुठं राहायचं हुतं, तेवढं सांगा." साक्षीदाराने प्रश्न विचारावयाचे नसतात, सबब हे वाक्य जबानीत नोंदले गेले नाही.

आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत याहून चोख कायदेशीर प्रश्न आम्ही ऐकलेला नाही. तिला लग्न करू नकोस असे सांगणारा कायदा आहे. लग्न न करता ती कोठे राहील, काय खाईल, काय शिकेल, हे सांगणारा कायदा नाही. हा दोष केवळ अंमलबजावणीचा आहे असे समजणाऱ्यांनी कायद्याची पुस्तके पुन्हा एकदा उघडावीत, अशी आमची विनंती आहे. दोष पुस्तकातच आहे.

दहा ते एकोणीस या वयास जागतिक आरोग्य संघटना किशोरवय म्हणते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात या वयाच्या मुलामुलींची संख्या २५ कोटींहून अधिक होती. तान्हेपणानंतर शरीर पुन्हा एकदा झपाट्याने वाढते ते याच काळात. उंची वाढते, हाडे भरतात, अंगातील रक्ताचे प्रमाण वाढते. आणि मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होऊन दरमहा रक्त जाऊ लागते. म्हणजे लोहाची गरज दोन्ही बाजूंनी वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी घरातील ताटात तिचा वाटा कमी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. २०१५-१६ साली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी ५४ मुलींच्या अंगात रक्त कमी होते. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ५९ झाला. त्याच वयाच्या मुलग्यांचा आकडा २९ वरून ३१ वर गेला. या पाच वर्षांत देशाची किती प्रगती झाली याचे ढोल आपण सर्वांनी ऐकले आहेत. त्याच पाच वर्षांत देशातील मुलींचे रक्त उतरले.

अशा शरीरावर सोळाव्या वर्षी गरोदरपण लादले जाते, तेव्हा काय होते ते कोणतीही अनुभवी सुईण सांगेल. कटीची हाडे पुरती वाढलेली नसतात, प्रसूती अडते, रक्तदाब चढतो, मूल कमी वजनाचे जन्मते. आईची वाढ अपुरी आणि लेकराचीही अपुरी, अशी ही दारिद्र्याची वतनदारी पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिला सनद लागत नाही.

आता या शरीरास कायदा काय देतो ते पाहू. चौदा वर्षांपर्यंत तो बरेच देतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देतो; त्यासाठी २००९ साली कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेतील दुपारचे जेवण हक्क म्हणून दिले. उच्च प्राथमिक वर्गातील मुलाच्या ताटात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असावीत, इतके तपशीलवार कायद्याच्या अनुसूचीत लिहिले गेले. मग नववीचा वर्ग येतो आणि ताट उचलले जाते. शिक्षणाचा मूलभूत हक्कही त्याच उंबरठ्यावर थांबतो.

बंद्या मात्र थांबत नाहीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांच्या आत तिच्या संमतीला अर्थ नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. जरी त्याच दुरुस्तीने धोक्याच्या कामांची भली मोठी यादी छाटून अगदी आखूड केली, आणि खाणी, स्फोटके व कारखान्यांतील घातक प्रक्रिया एवढ्यावर आणून ठेवली. (वीटभट्टीवर पंधरा वर्षांचे पोर दिवसभर विटा वाहते, ते धोक्याचे काम नव्हे, असे समजावयाचे.) या सर्व बंद्या योग्य आहेत. आमचा त्यांपैकी एकीलाही विरोध नाही. परंतु चौदा ते अठरा या चार वर्षांत कायदा मुलीच्या हातात जेवणाचे एखादे ताट पुन्हा केव्हा ठेवतो, हे वाचकांनी जरूर पाहावे. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ वाचा. गरोदर स्त्रीला व स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे, आणि तेथे वयाची अट नाही. मुलगी सोळा वर्षांची आहे, शाळा सुटली आहे व भुकेली आहे, एवढे या कायद्यास पुरत नाही. ती गरोदर असली पाहिजे! ज्या गोष्टीसाठी एक कायदा बापाला तुरुंगात पाठवू पाहतो, ती घडल्यावरच दुसरा कायदा मुलीला जेवू घालतो.

यावर असे उत्तर मिळते की, घराला माणशी पाच किलो धान्य मिळतेच, त्यात तिचा वाटा आहे. आहे. पण ते धान्य घराचे आहे, तिचे नाही. आणि आपल्या घरांत शेवटी कोण जेवते हे आपण जाणतो. शिवाय गव्हातांदळाने पोट भरते, रक्त भरत नाही. दुसरे उत्तर असे की, किशोरवयीन मुलींच्या पोषणाची सरकारी योजना आहे. तीही आहे. मात्र २०२२ पासूनच्या नियमांनुसार चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी ती ईशान्येकडील राज्यांत व देशातील आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतच आहे. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. ज्या बीड जिल्ह्यातून दरसाल लक्षावधी माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, तो या यादीत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या स्त्रिया आढळल्या, त्यांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात शंभरात बाविसाच्या आसपास होते. बीड जिल्ह्यात ते चाळीसहून अधिक होते. योजना आणि हक्क यांतील भेद येथे आहे. योजना एखाद्या परिपत्रकाने येते व दुसऱ्या परिपत्रकाने जाते; तिच्यासाठी विनवणी करावी लागते. हक्कासाठी दावा लावता येतो.

सोमवारच्या निळ्या गोळीचीच गोष्ट घ्या. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी द्यावी, असा कार्यक्रम दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कार्यक्रम उत्तम आहे. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी, नाही तर मळमळते, अशी स्पष्ट सूचना आहे. आठवीपर्यंत दुपारचे जेवण होते, त्यानंतर गोळी. नववीपासून गोळी आहे आणि जेवण नाही. सकाळी चहा पिऊन पाच किलोमीटर चालत आलेली मुलगी ती गोळी घेते, तिला उलटी होते, आणि पुढच्या सोमवारी ती गोळी मुठीत धरून खिडकीबाहेर टाकते. मग अहवालात लिहिले जाते की, लाभार्थींमध्ये जागृतीचा अभाव आहे.

चौदा हा आकडा मुळात कोठून आला? २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. नझिरुद्दीन अहमद यांची सूचना होती की, हे शिक्षण प्राथमिक शिक्षणापुरतेच मर्यादित असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद वकिलाचा होता आणि बिनतोड होता. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आपण मनाई केली आहे. मग कामावर न जाणारे हे मूल चौदा वर्षे पुरी होईपर्यंत कोणत्या तरी शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. म्हणजे चौदा ही काही शिक्षणाची नैसर्गिक सीमा नव्हती. बंदी जेथवर, तेथवर शाळा, असा तो हिशेब होता. तोच हिशेब आज मांडावा. लग्नाची बंदी अठरापर्यंत गेली, संमतीचे वय अठरापर्यंत गेले, धोक्याच्या कामाची बंदी अठरापर्यंत गेली. १९९२ साली भारताने ज्या बालहक्क संहितेचा स्वीकार केला, तिच्यातही बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. शाळा आणि ताट मात्र १९४८ च्या चौदावरच उभे आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आली. धोरण छापून झाले, अनुच्छेद २१-क तसाच राहिला.

या मागणीला विरोध करणारे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत सर्वांत सभ्य विरोधक म्हणजे पालकांच्या अज्ञानाबद्दल हळहळणारे. त्यांना आम्ही एकदा मुकादमाच्या वहीपाशी बसवू इच्छितो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. दिवाळीच्या आसपास गाव सोडावयाचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतावयाचे. चौदा वर्षांपर्यंतची मुलगी गावच्या शाळेत, आजीच्या आधाराने कशीबशी राहते. आठवी संपली की गावची शाळा संपते. माध्यमिक शाळा दोन गावे पलीकडे. आजी थकलेली. वयात आलेली मुलगी पाच-सहा महिने एकटी ठेवावी तर भीती, फडावर न्यावी तर पालात दार नाही, आडोसा नाही, आणि पहाटेच्या अंधारात तोडीला जावयाचे. लग्न लावून दिले तर ती कोणाची तरी जबाबदारी होते, आणि जावयाच्या घरी एक कोयता पुरा होतो. या बापास गणित येत नाही असे म्हणणाऱ्यास आम्ही साक्षीदार म्हणून बोलावू आणि उलटतपासणीत विचारू: त्याच्या जागी तुम्ही काय केले असते? हंगामी वसतिगृहे आहेत, २०२१ पासून ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. पण जागा भरल्या म्हणून दारातून परत पाठविलेल्या मुलीस कोणता हक्क दाखवून न्यायालयात उभे राहता येईल, ते सांगा.

दुसरे आहेत ते दंडुक्याचे भक्त. २०२३ च्या फेब्रुवारीत आसामात बालविवाहाच्या नावाखाली अटकसत्र झाले. तीन हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. वर्षानुवर्षांपूर्वी झालेल्या लग्नांतील नवरे उचलले गेले आणि त्यांच्या तान्ह्या मुलांच्या आया ठाण्याबाहेर रडत बसल्या. गुवाहाटी उच्च न्यायालयालाही या कारवाईबद्दल कडक शब्दांत बोलावे लागले. शिक्षेचा धाक पालकांना बसो वा न बसो, गरोदर मुलीला मात्र नक्की बसतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर, डॉक्टरवरही, ती पोलिसांना देण्याची सक्ती आहे. दवाखान्यात जावे तर नवरा आत जातो, म्हणून सोळा वर्षांची मुलगी दवाखान्यातच जात नाही. आणि ज्या बाळंतपणात डॉक्टरची सर्वाधिक गरज, तेच लपवून केले जाते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले आहे. हा निकाल किती तालुक्यांच्या दवाखान्यांत भिंतीवर लावलेला आहे, ते वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

आणि तिसरे, ज्यांना मुलीच्या लग्नाचे वय एकवीस हवे होते. त्यासाठीचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. त्याबद्दल आम्ही अश्रू ढाळणार नाही. संमतिवय दहाचे बारा करण्यावरून १८९१ साली पुण्यात धर्म बुडाल्याची जी आरोळी उठली होती, ती उठवणारांचे नातू आज आधुनिक झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा, १९४९ साली पंधरा, १९७८ साली अठरा, असा हा आकडा चढत गेला. शंभर-सव्वाशे वर्षे आपण मुलीच्या लग्नाचे वय ठरवीत आहोत. तिच्या जेवणाचे वय चौदाच्या पुढे न्यावे, असे विधेयक घेऊन कोणी एवढ्या तावातावाने उभा राहिलेला आम्ही पाहिला नाही.

उरला पैशाचा प्रश्न. तमिळनाडूने १९८२ साली शाळेतील जेवणाची मोठी योजना सुरू केली, आणि दोनच वर्षांत, १९८४ साली, ती दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत वाढविली. तेव्हा तमिळनाडू काही सोन्याच्या खाणीवर बसलेला नव्हता. बांगलादेश तर आपल्याहून गरीब देश होता. तेथे १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींना विद्यावेतन मिळू लागले. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण, आणि लग्न न करणे. पैसा मुलीच्या नावे बँकेत. माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आणि पुढे गेली. तेथील बालविवाह संपले असे मात्र कोणी समजू नये. २०१९ च्या पाहणीतही वीस ते चोवीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, आणि २०१७ च्या तेथील कायद्याने तर 'विशेष परिस्थिती'त अठराच्या आतही लग्नाची पळवाट ठेवली. विद्यावेतनाची रक्कम तुटपुंजी होती, आणि शाळेनंतर मुलीने काय करावयाचे याला उत्तर नव्हते. तरी त्या रकमेने लाखो मुली शाळेत ठेवल्या. रक्कम पुरेशी असती तर काय झाले असते, हा विचार आपण करावा.

बंधुभगिनींनो, सरकारला जाब विचारताना आपल्या चुलीकडेही पाहिले पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात हजारो स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, लग्न ही एक जबाबदारी आहे, ऐपत आल्याखेरीज ती मुलांवर लादू नका, असे बजावले होते. त्या परिषदेस हजर असलेल्या आयाबायांच्या नातींची लग्ने आज बुद्धवंदना म्हणून सोळाव्या वर्षी लागत असतील, तर विधी बदलला आणि बाकी काय बदलले? मुलगा नववीत गेला की त्याच्यासाठी अंडे येते, मुलीला "तू घरीच असतेस" असे ऐकावे लागते, हे आमच्या घरात घडत नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारी किती घरे आहेत? पाळीच्या चार दिवसांत शाळा बुडते, कारण शाळेत संडासाला कडी नसते; ती कडी बसविण्यासाठी वर्गणी मागितली तर किती हात वर होतात, आणि मिरवणुकीच्या बँडसाठी मागितली तर किती, हेही एकदा मोजून पाहावे.

आमची मागणी मोजक्या शब्दांची आहे. अनुच्छेद २१-क मधील 'चौदा' या शब्दाच्या जागी 'अठरा' हा शब्द घालावा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ मध्ये आठवीची मर्यादा काढून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीस, शाळेत असो वा नसो, आहाराचा हक्क द्यावा. आईबाप कामासाठी स्थलांतर करीत असतील तर निवासी शाळेतील जागा ही मेहेरबानी न राहता हक्क व्हावी. तोवर हातपाय बांधून बसण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेत गावातील चौदा ते अठरा वयाच्या शाळाबाह्य मुलामुलींची यादी ठेवण्याचा ठराव लेखी मांडावा, तो इतिवृत्तात आला की नाही ते पाहून सही करावी, आणि त्याची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे व आरोग्य केंद्राकडे पोच घेऊन द्यावी. पोच जपून ठेवावी. पुढेमागे तीच दाव्याचा पुरावा होते. मसुदा लिहून हवा असल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे, तेथे फी लागत नाही.

त्या खटल्याचा निकाल पुढील वर्षी लागला. बापाला दंड झाला. दंडाची रक्कम त्याने मुकादमाकडून पुढच्या हंगामाच्या उचलीत घेतली. दिवाळीनंतर आम्ही दुसऱ्या कामासाठी त्या बाजूस गेलो असता गाव निम्मे रिकामे होते. मुलगी कोठे आहे असे विचारले, तेव्हा शेजारच्या म्हातारीने सांगितले की, ती नवऱ्याबरोबर तोडीला गेली आहे, पाचवा महिना आहे, आणि यंदा त्या दोघांचा पुरा एक कोयता धरला आहे.